सत्तावन्न नंबरचा कागद

मुलुंड पूर्व
४ जानेवारी २०२३

सुबोध,

आशीर्वाद नेहमीचेच, ते मागाहून घे. आधी हे वाच, आणि वाचून फोनकडे धावू नकोस. फोनवर माझा आवाज हल्ली फाटक्या पिपाणीसारखा येतो आणि आमचा बाळा आईपाशी उभा राहून ऐकतो. मला त्याचा चेहरा बघवत नाही. म्हणून पत्र. लालबागच्या चाळीत अख्ख्या मजल्याची पत्रं मी लिहिली, स्वतःचं लिहायला आता सवड झाली आहे.

माझ्या घशात गाठ निघाली. तू जपानला सभेला गेला होतास त्या आठवड्यात बाळाने मला तुझ्याच इस्पितळात नेलं. गाठ लहान आहे, शेक दिला तर जाईल, असं डॉक्टर जयवंत म्हणाले. मशेरीचं पाप, दुसरं काय. दहावीत असताना तू माझी मशेरीची डबी मोरीत रिकामी केली होतीस आणि मी तुला लाटणं फेकून मारलं होतं. ते लाटणं आज मागे घेते.

आता मुद्द्याचं. तिथे सही करायला एक आठ पानी कागद दिला. काही लोकांना सात आठवडे शेक द्यायचा आणि काहींना चारच आठवडे, पण रोजचा शेक जरा मोठा. दोन्हींत बरं कोणतं हे अजून ठाऊक नाही, तेच शोधायचं आहे, असं त्यात लिहिलं आहे. शेवटच्या पानावर खाली तुझं नाव. मी ते नाव दोनदा वाचलं आणि बाकीची सात पानं न वाचता सही केली.

मला चार आठवड्यांत घाल. बाळा लिफ्टदुरुस्तीच्या कंपनीत आहे, सात आठवडे रोज मला घेऊन आला तर त्याच्या नोकरीची वाट लागेल. सूनबाईला, अक्षताला, तिची शाळेतली नोकरी आहे. तू सहा वर्षांचा असताना तुझी आई गेली आणि तुला मी आमच्या खोलीत आणलं, ते काही उपकार म्हणून नव्हे. पण आज मी तेही काढते आहे.

तुझी काकी, सुगंधा


अंधेरी पश्चिम
९ जानेवारी २०२३

काकी,

फोन केला नाही.

जयवंतांशी बोललो. गाठ खरंच लहान आहे. तू बरी होशील, हे मी पुतण्या म्हणून नाही, डॉक्टर म्हणून लिहितो आहे. पण तुझा डॉक्टर मी होणार नाही, जयवंतच राहतील. माझ्या कागदांत तुला नावही नसेल, फक्त एक नंबर असेल. आणि कुणाला किती आठवडे, हे मी ठरवत नाही. संगणक चिठ्ठी काढतो. मी वशिला लावला तर नऊ वर्षांचं काम त्याच दिवशी फुकट जाईल. तेव्हा उपकार काढलेस तरी उपयोग नाही.

हे काम मी का घेतलं ते तुला कधी सांगितलं नाही. गावाहून येणारी माणसं सात आठवडे इस्पितळाबाहेर फुटपाथवर राहतात. जिन्याखाली स्टो पेटवून भात करतात. पाचव्या आठवड्यात त्यांतली कितीतरी कंटाळून, खचून गावी निघून जातात आणि वर्षभरात गाठ परत येते. मग ती माणसंही परत येतात, आणि तेव्हा माझ्या हातात काही उरलेलं नसतं. चार आठवड्यांत काम होत असेल तर ही माणसं वाचतील. मला दुसरं काही नको आहे.

दर तीन महिन्यांनी श्रुतिका नावाची मुलगी तुझ्याकडून एक कागद भरून घेईल. गिळताना त्रास होतो का, जेवताना ठसका लागतो का, असे तीस प्रश्न आहेत. तुम्हा लोकांच्या त्या उत्तरांवरच सगळं उभं आहे. उत्तरं चांगली आली तर दोन वर्षांत चार आठवड्यांचा शेक सगळीकडे सुरू होईल.

मशेरीची नवी डबी कुठे आहे, तेवढं अक्षताला सांग.

सुबोध


मुलुंड पूर्व
१२ मार्च २०२३

सुबोध,

झाले चार आठवडे. चिठ्ठीत चारच निघाले, तुझ्या वशिल्याशिवाय. हा कौलच म्हणायचा. गावी देवळात गुरव देवाला पाकळ्या लावतो, उजवी पडली की हो आणि डावी पडली की नाही. तुमच्याकडे गुरवाच्या जागी श्रुतिका आहे, एवढाच फरक. आणि देवाने कौल दिला की मग कुरकुर करायची नसते, हे तुला लहानपणी शिकवलं आहे.

शेकाचं भय वाटलं नाही. भय त्या मुखवट्याचं वाटलं. गरम पाण्यातून काढलेली जाळी तोंडावर दाबून माझाच चेहरा उमटवला आणि रोज तो घालून मला टेबलाला जखडायचे, मान हलू नये म्हणून. डोळे मिटून मी चाळीतली बिऱ्हाडं एकापासून मोजायची. सतराव्या खोलीपाशी, म्हणजे आपल्याच दाराशी, यंत्र थांबायचं. शेवटच्या दिवशी मुखवटा मला देऊन टाकला. अक्षता म्हणाली, आई, हे भयंकर आहे, टाकून देऊ. मी तो गॅलरीत सुकटीवर पालथा घालते. कावळा फिरकत नाही.

एक मैत्रीण मिळाली. शेवंती, दिंडोशीची, मूळची आपल्याच तालुक्यातली. तिलाही चार आठवडे निघाले. घरी कुणी नाही, बाई एकटीच येते. तिला लिहिता येत नाही म्हणून तिचा कागद मीच भरला. श्रुतिकाच्या मागे पन्नास माणसं असतात, ती बिचारी म्हणाली, मावशी, बरं झालं.

फुटपाथवरची माणसंही बघितली. तू म्हणतोस ते खरं आहे. तुझं काम व्हायला हवं.

सुगंधा


अंधेरी पश्चिम
२ ऑक्टोबर २०२३

काकी,

गाठ गेली. तपासणीत मागमूस नाही. जयवंतांनी तुला सांगितलंच असेल, पण मला ते माझ्या हाताने लिहायचं होतं.

एक कबुलीही देतो. परवा श्रुतिकाच्या टेबलावर भरलेले कागद होते, त्यांत सत्तावन्न नंबरचा कागद मी हातात घेतला. नाव नव्हतं, पण बरोबरची खूण करताना शेपटी वर ओढून तिला हलका बाक देणारं माणूस मुंबईत एकच आहे. पाटीवर माझं गणित बरोबर आलं की तू तशीच खूण करायचीस. तीसच्या तीस प्रश्नांना ‘अजिबात नाही’. इतका स्वच्छ कागद दुसरा नाही. मला तो बघायला नको होता, पण बघितल्यावर छाती फुगली हे खोटं कशाला सांगू. पुढल्या वर्षी दिल्लीच्या परिषदेत पहिले निष्कर्ष मांडायचे आहेत.

नारळी पौर्णिमेचा तुझ्या हातचा नारळीभात अजून जिभेवर आहे. तू मात्र ताटावर बसली नाहीस. म्हणालीस, आज बुधवार, माझा उपास. बुधवारचा उपास मी आजवर ऐकला नव्हता. तुझ्या देवांची यादी वाढतेच आहे. आता जरा त्यांना सांग की बाईला खाऊ द्या, वाळली आहे.

सुबोध


मुलुंड पूर्व
२० नोव्हेंबर २०२३

सुबोध,

इकडील सर्व क्षेम. दिवाळी झाली. चकल्या अक्षताने केल्या, मी फक्त पिठात हात घालून बघितला आणि मोहन कमी आहे म्हणून बोलले. सुनेला एवढं तरी ऐकवायला हवं.

मी आताशा पेजेवर असते. हसू नकोस. म्हातारपणी जिभेला गावाकडचंच लागतं. शेवंतीही पेजच खाते. आमचं दोघींचं चांगलं जमतं.

तुझ्या परिषदेला कोट शिवून घे. मागच्या वेळचा फोटो बघितला, खांद्यात उतरला होता.

सुगंधा


मुलुंड पूर्व
११ फेब्रुवारी २०२४

सुबोध भाऊजी,

मी तुम्हाला कधी पत्र लिहिलेलं नाही. फोनवर बोलले तर आईंना ऐकू जातं, आणि मेसेज केला तर ह्यांच्या फोनमध्ये दिसतो. ह्यांना सांगून पाहिलं. ते म्हणतात, दादाच्या इस्पितळात दाखवतोय ना, मग तू कशाला घाबरतेस.

आई आमच्यासोबत जेवत नाहीत. आधी मला वाटलं, जुनी सवय आहे, सगळ्यांचं झाल्यावर जेवायचं. पण त्या ताट घेऊन आतल्या खोलीत जातात आणि दार लोटतात. आतून खोकल्याचा आवाज येतो. एकदा मी आत गेले तर टॉवेल तोंडावर धरून बसल्या होत्या, डोळे लाल. मला म्हणाल्या, “मिरची लागली गं, जा तू.” पेजेत मिरची कुठली? आठवड्यातले चार दिवस उपास असतो आता. चार महिन्यांत मी त्यांचे ब्लाऊज दोनदा आत घेतले. जानेवारीत दोन वेळा ताप येऊन गेला. डॉक्टरांना सांगूया म्हटलं तर म्हणाल्या, “त्या कागदावर ताप नको लिहायला, सुबोधचं काम अडेल.”

मी शाळेत लहान मुलांना शिकवते. मूल पोट दुखत नाही म्हणतं तेव्हा ते खरं की खोटं हे मला चेहऱ्यावरून कळतं. हे त्यांना सांगू नका, मला घरात राहायचं आहे.

अक्षता


अंधेरी पश्चिम
१६ फेब्रुवारी २०२४

अक्षता,

तू लिहिलंस हे बरं केलंस, मनावर ओझं ठेवू नकोस.

तुझं पत्र आल्यावर मी काकीचे सगळे कागद काढून पाहिले. चारही वेळा ठसका नाही, त्रास नाही, गिळणं ठीक. जयवंतांनी दुर्बीण घालून घसा तपासला आहे, तो स्वच्छ आहे. शेकानंतर तोंडाची चव जाते, लाळ कमी होते, म्हणून माणूस कमी जेवतं. त्यात तिचे उपास. तिला उपास कमी करायला लाव, पेजेत तूप घाल. ताप या दिवसांत घरोघरी आहे.

ती कागदावर माझ्यासाठी खोटं लिहील असं मला वाटत नाही. तिने मला खोटं बोललो म्हणून मारलेलं आहे.

मार्चमध्ये दिल्लीला जायचं आहे. आलो की मुलुंडला येतो.

सुबोध


मुलुंड पूर्व
९ जुलै २०२४

सुबोध,

हे पत्र उभ्याने वाचू नकोस, बस.

शेवंती परवा दुपारी भात खाताना कोसळली. शेजारणीने इस्पितळात पोचवलं. श्वासाला यंत्र लावलं आहे. मी काल बाळाबरोबर जाऊन तिला काचेतून पाहिलं. मला पाहून तिने हात हलवला. तिला वाटलं मी तिच्यासाठी आले. मी माझ्या पापासाठी गेले होते.

एप्रिलमध्ये आम्ही कागद भरायला बसलो होतो, तेव्हा ती मला म्हणाली होती, “गो सुगंधा, माका गिळूक जमना नाय. पाणीसुद्धा उलट येता.” मी म्हटलं, अगं, माझंही तसंच आहे. चार आठवड्यांत बरं केलं ना आपल्याला? आता आपणच ओरडलो तर आपल्या सुबोधचं काम बुडेल आणि फुटपाथवरच्या लोकांना परत सात आठवडे बसवतील. मी विचारलं, लिहू ना अजिबात नाही? तिने मान हलवली. मी खूण केली. तशीच, शेपटी वर ओढून.

माझा सोडून सहा जणींचे कागद माझ्या हातचे आहेत, सुबोध. मी कुणावर जबरदस्ती केली नाही. मी फक्त सांगितलं की हा माझ्या घरचा मुलगा आहे. तेवढं पुरलं.

मला असं वाटलंच नाही की मी खोटं लिहिते आहे. गिरण्यांचा संप लागला होता तेव्हा चाळीतल्या बाया संध्याकाळी पोस्टकार्ड घेऊन माझ्याकडे यायच्या. घरात दाणा नसायचा, नवरा दारूला लागलेला असायचा, आणि मी गावी लिहायची, इकडील सर्व क्षेम. कारण तिकडे कळून तिकडची माणसं करणार काय, नुसती रडणार. वाईट बातमी एकच असायची. त्या पत्राचा कोपरा फाडायचा, म्हणजे घेणाऱ्याला हातात घेतानाच कळायचं की कुणी गेलं. ते पत्र घरात नेत नसत, दारातच उभ्याने वाचत. बाकी सगळं क्षेम. तुझा तो कागद मी तसाच भरला. तो गावी जाणारा नाही, तिथूनच औषध येणार आहे, हे या बाईच्या डोक्यात शिरलं नाही. सातवी शिकलेली, अख्ख्या मजल्यात शहाणी म्हणवून घेणारी बाई.

मलाही गिळता येत नाही. गेल्या दिवाळीच्या आधीपासून. पाणी प्यायलं की छातीत उतरतं. उपास एकही खरा नव्हता.

रागाव. पण आधी त्या उरलेल्या पाच जणींना बोलाव.

सुगंधा


अंधेरी पश्चिम
१० जुलै २०२४

काकी,

उद्या सकाळी आठ वाजता मी गाडी घेऊन येतो. बॅग भरून ठेव. तोवर पाणी पिऊ नकोस, चमच्याने घट्ट पेज घे, मान खाली घालून.

रागावलो आहे. कुणावर ते लिहितो, कारण उद्या तुझ्यासमोर मला बोलता येणार नाही. अक्षताने फेब्रुवारीत मला सगळं कळवलं होतं. तिचं पत्र माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. मी काय केलं, तर कागद काढून बघितले आणि तिला पेजेत तूप घालायला सांगितलं. घरातलं माणूस डोळ्यांनी बघून सांगत होतं आणि मी कागदावर विश्वास ठेवला, कारण कागद मला हवं तेच सांगत होता. तेव्हा ड्रॉवर बंद केला नसता तर पाच महिने हातात होते. गिळायचे व्यायाम असतात, नळी घालता येते, पाणी छातीत उतरून ताप येतो, तो आधीच थांबवता येतो.

आणि सुरुवातीला तुला लिहिलं, उत्तरं ‘चांगली’ आली तर. ‘खरी’ लिहायला हवं होतं. तू मी सांगितलं तेच केलंस.

श्रुतिकाने आज ढीग काढला. तुझा सोडून आणखी सहा कागद त्याच हातचे. ते मला आधी दिसायला हवे होते.

उद्या तुला भरती केल्यावर मी अशा कामांवर देखरेख ठेवणाऱ्या समितीकडे जातो आहे. नवीन माणूस घेणं थांबवायचं, आजवरच्या प्रत्येकाला बोलावून एक्स-रेखाली पाणी गिळवून बघायचं, आणि तू माझी काकी आहेस हे त्यांना सांगायचं. ते दीड वर्षापूर्वी सांगायला हवं होतं.

सुबोध


इस्पितळ, तिसरा मजला
२ ऑगस्ट २०२४

सुबोध,

तू रोज येतोस, पण तू आलास की मी झोपेचं सोंग घेते. तुझे डोळे बघितले की मला क्षेम म्हणावंसं वाटतं, म्हणून. बाळालाही तसंच फसवते. तो पाय चेपत बसतो.

नाकातून नळी आहे, हाताला सुया आहेत, अक्षर वाकडं येतं आहे. फुप्फुसातलं पाणी दोनदा काढलं, परत भरलं. जयवंत चांगला माणूस आहे, खोटं बोलत नाही. मी त्याला विचारलं आणि त्याने सांगितलं.

शेवंती यंत्रावरून सुटली, हे काल श्रुतिकाने सांगितलं. पोटात नळी घातली आहे, पण बाई शिव्या देते आहे म्हणे. म्हणजे ठीक आहे. मला फार बरं वाटलं. इथे आल्यापासून पहिल्यांदा झोप लागली.

श्रुतिकाकडून मी एक नवा कागद मागून घेतला. सोबत आहे. तीसही प्रश्न स्वतः वाचले आणि जे आहे ते लिहिलं. जिथे ‘खूप’ आहे तिथे ‘खूप’. मागे कधीपासून, तेही आठवून बाजूला लिहिलं आहे. पहिला ठसका गेल्या वर्षीच्या नागपंचमीला, गव्हाची खीर खाताना. दाखवण्यासारखी एकच गोष्ट चांगली आहे, विसाव्या प्रश्नाला, घरच्यांचा आधार वाटतो का, तिथेही ‘खूप’ आहे.

कागदाचा वरचा कोपरा मी फाडला आहे. चुकून फाटलेला नाही. कोपरा नसलेलं पत्र कुणी बाजूला ठेवत नसे, हातातलं काम टाकून वाचत. माझा हा कागद तसा वाचायला हवा.

तू हे काम सोडायचं म्हणतोस असं अक्षताकडून कळलं. लाटणं अजून घरात आहे.

सुगंधा


मुलुंड पूर्व
२९ ऑगस्ट २०२४

काकी,

आज तुझा चौदावा झाला. पाहुणे गेले. बाळा आणि अक्षता गच्चीवर बसले आहेत आणि मी आतल्या खोलीत, जिथे तू दार लोटून जेवायचीस, तिथे लिहितो आहे. पत्र कुठे टाकणार नाही. अक्षताकडे देईन, ती तुझ्या पत्रांबरोबर ठेवील. तिची मी माफी मागितली. ती म्हणाली, “भाऊजी, आता काय.” एवढंच म्हणाली.

तुला सांगायचं राहिलं ते सांगतो. एकोणनव्वद जणांना बोलावलं, शहाऐंशी आले. चौदा जणांचं पाणी छातीत उतरतं आहे, आणि त्यांतल्या एकाच्याही कागदावर तसं लिहिलेलं नव्हतं. तू दुसऱ्यांसाठी भरलेले कागद सहाच होते, काकी. बाकीच्यांनी आपापल्या हाताने क्षेम लिहिलं. कुणी मला वाईट वाटेल म्हणून, कुणी जयवंतांना, कुणी श्रुतिका रोज हसून बोलते म्हणून. इतकी वर्षं मी माणसांना प्रश्न विचारत होतो आणि ती माझी खुशाली जपत होती. चौदांपैकी नऊ जण चार आठवड्यांचे आहेत आणि पाच सात आठवड्यांचे. एवढ्यावरून चार आठवडे वाईट की नाही हे सांगता येत नाही. तू कशामुळे गेलीस, मी लावलेल्या शेकाने की आपल्या दोघांच्या गप्प बसण्याने, हे मला ठाऊक नाही आणि बहुतेक कधी कळणारही नाही. याचं मला फार दुःख आहे. ते औषधाने जाणारं नाही.

चौदाही जणांना व्यायाम सुरू केले आहेत. शेवंती मान खाली घालून घट्ट पेज गिळायला शिकली. तू गेल्याचं तिला मीच सांगितलं.

दिल्लीला मांडलेले आकडे मागे घेतले. काम सोडलं नाही. प्रमुख मात्र मी नाही, ते आता जयवंत बघतात आणि मी त्यांच्या हाताखाली आहे. आता कागदाआधी एक्स-रेखाली पाणी गिळवून बघतात, मग प्रश्न. आणि घरातल्या माणसाला वेगळं बसवून विचारतात. तो प्रश्न अक्षताचा आहे.

तुझ्या कागदाची गोष्ट मात्र ऐक. समितीपुढे तो ठेवला तेव्हा त्यांनी विचारलं, याच्यावर नंबर कुठे आहे? नंबर वरच्या उजव्या कोपऱ्यात छापलेला असतो, काकी. तो तू फाडलास. बिननंबरचा कागद मोजत नाहीत, बाजूला ठेवतात, असा नियम आहे आणि तो मीच केला होता. कुणाचा कागद हे कशावरून, त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, या अक्षरावरून मी अक्षरं शिकलो. सहा वर्षांचा होतो, आई गेली होती, आणि ही बाई स्वयंपाकाच्या ओट्याखाली बसून पाटीवर माझा हात धरून अक्षरं काढायला लावायची. मग जयवंतांनी पेन पुढे केलं. मी फाटलेल्या कडेला सत्तावन्न लिहिलं, बाजूला सही केली, आणि त्यांनी तो कागद मोजला. बसल्या जागी, सगळा, तीसही प्रश्न.

गॅलरीत तुझा मुखवटा अजून सुकटीवर पालथा आहे. अक्षताने हलवला नाही.

हे पत्र सुरू करताना माझा हात सवयीने ‘इकडील सर्व क्षेम’ लिहायला गेला. दोन शब्द लिहून मी ते खोडले. इकडे क्षेम नाही, काकी. तू नाहीस, आणि मला फार त्रास होतो आहे.

सुबोध